खलनायकाला रडकी कहाणी हवीच का?

वसमत_रोड (परभणी)
शनिवार, रात्री ९.१२

माझा मुलगा यंदा सातवीत जाणार. सुट्टीत दोनशे पानी वहीत स्वतःचं कॉमिक्स काढायलाय. नायक परभणीचाच, एका पाणाड्याचा, म्हणजे जमिनीखालचं पाणी शोधून देणाऱ्याचा, नातू. रात्री सगळं शांत झालं की त्याला जमिनीखालून वाहणारं पाणी ऐकू येतं. खलनायक आहे टँकरवाला शेठ. गावातल्या विहिरी हा रातोरात उपसतो आणि सकाळी तेच पाणी गावाला विकतो. मला गोष्ट फार आवडली. चौदा पानं झालीत.

काल जेवताना म्हणाला, "आई, शेठच्या लहानपणीची दुःखाची गोष्ट टाकायची राहिली." म्हटलं, ती कशाला? "मग तो भारी कसा वाटणार? सगळ्या व्हिलनला असते."

तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. मी आणि माझा भाऊ स्टेशनजवळच्या दुकानातून पन्नास पैसे रोजाने कॉमिक्स आणायचो. एका दिवसात दोघांचं वाचून व्हायला पाहिजे, म्हणून एकानं पान उलटायचं आणि दुसऱ्यानं मोठ्यानं वाचायचं. ध्रुव, नागराज, डोगा, परमाणू, हे सगळे हिंदीतल्या राज कॉमिक्सचे नायक. खलनायक यायचा, शहर वेठीला धरायचा, शेवटी हरायचा. त्याला शाळेत कुणी चिडवलं होतं का, त्याचा बाप दारू प्यायचा का, हे आम्ही कधीच विचारलं नाही. आता बॅटमनचा खलनायक जोकर, त्याच्यावर २०१९ साली अख्खा सिनेमा निघाला, आणि तो बघून बाहेर पडताना माझ्या मागे चालणाऱ्या पोरी त्याच्यासाठीच हळहळत होत्या.

माझं मत सरळ आहे. वाईट कामाचं कारण इतकं रंगवून सांगितलं की ते कारण राहत नाही, सवलत होते. तुम्हाला काय वाटतं? आणि पोराला काय सांगू?

हुरडा_पार्टी (बीड)
शनिवार, रात्री ९.२०

ताई, बाकीचं मागून बोलू. पाणाड्याचा नातू हिरो!! लई भारी. आमच्याकडं तळहातावरचा नारळ उभा राहिला की अख्खं गाव श्वास रोखून बघतं. ह्याच्यापेक्षा मोठी सुपरपॉवर बीड जिल्ह्यात तरी नाही.

जुना_गठ्ठा (नांदेड)
शनिवार, रात्री १०.०५

या धाग्यावर बहुधा मीच सगळ्यांत वयानं मोठा. आमच्या वेळी छोटी लाईन होती. वडील स्टेशनवर कुणाला सोडायला निघाले की मी मागे लागायचो, कारण तिथल्या स्टॉलवर इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंक यायचा. इंद्रजाल मार्च १९६४ ला सुरू झालं आणि १९९० ला बंद पडलं. माझ्याकडे त्यातले दीडशेच्या वर अंक आहेत, कडुलिंबाचा पाला घालून ट्रंकेत ठेवलेले.

ताईंचं म्हणणं इंद्रजालच्या वेताळाच्या, म्हणजे इंग्रजीतल्या फँटमच्या, बाबतीत शंभर टक्के खरं. पहिल्या वेताळाच्या बापाला समुद्री चाच्यांनी मारलं. त्यानं मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतली आणि पुढे एकवीस पिढ्या ती पाळली. पण ते चाचे चाचे का झाले, हे मला तरी कुठं वाचल्याचं आठवत नाही. लोभ आणि क्रूरपणा, विषय संपला. मूळ कथेत त्या टोळीचं नाव सिंग होतं. आपल्या अंकात ते सिंगा केलं आणि देशाचं नाव डेंकाली ठेवलं. इथल्या लोकांना ते नाव लागायला नको, एवढी काळजी संपादकांनी घेतली होती.

पण ताई, इंद्रजालचाच बहादूर आठवा. १९७६ ला आला. आबिद सुरतींनी लिहिला, गोविंद ब्राह्मणियांनी काढला. बहादूर हा डाकूचा मुलगा. बापाला पोलीस अधिकारी विशाल गोळी घालतो आणि तोच पुढे पोराला वाढवतो. पोराच्या मनात सुरुवातीला सूडच असतो. म्हणजे ज्या कहाणीतून अस्सल खलनायक निघायचा, तीच कहाणी आपल्याकडे नायकाला दिली. मग कहाणीचा दोष कुठे राहिला?

पानचक्की (औरंगाबाद)
शनिवार, रात्री १०.४१

काकांनी माझ्या तोंडचं वाक्य काढून घेतलं. राज कॉमिक्सचे सगळे मोठे नायक घ्या. नागराजला प्रोफेसर नागमणीनं हत्यार म्हणून तयार केलं, दहशतवाद्यांच्या कामासाठी. बाबा गोरखनाथांनी त्याच्या डोक्यातली कॅप्सूल काढली म्हणून तो आपल्या बाजूला आला. डोगा कचऱ्याच्या ढिगात सापडलेलं पोर, डाकू हलकानसिंगनं वाढवलेलं. ध्रुवचे आईवडील सर्कशीच्या आगीत गेले. यातली कुठलीही गोष्ट उचलून खलनायकाला चिकटवा, फिट बसते. रडकी कहाणी दोघांनाही असते. पुढे कोण काय करतो एवढाच फरक.

जोकरबद्दल मात्र एक गैरसमज दूर करतो. जोकर १९४० चा. पहिल्याच अंकात त्याला मारून टाकायचं ठरलं होतं, पण संपादकानं शेवटी एक चौकट वाढवायला लावली आणि तो वाचला. त्या वेळी त्याला भूतकाळ नव्हता. १९५१ साली थोडासा दिला. १९८८ च्या 'द किलिंग जोक'मध्ये ॲलन मूरनं फसलेल्या विनोदी नटाची कहाणी दिली, बायको मेलेली, खिशात पैसा नाही. पण त्याच पुस्तकात जोकर म्हणतो की आपला भूतकाळ आपल्याला कधी असा आठवतो, कधी तसा. म्हणजे लेखकानं कहाणी दिली आणि तिच्यावर विश्वास ठेवू नका असंही बजावलं. मला हे फार आवडतं. कॉमिक्समधला जोकर भीतीदायक आहे तो 'का' हा प्रश्न त्याच्यावर टिकतच नाही म्हणून.

आणि अजिबात कारण नसलेला खलनायक हवा असेल तर डूम्सडे. १९९२ साली यानं सुपरमॅनला मारलं. बोलत नाही, मागत नाही, नुसता फोडत सुटतो. त्या अंकावर उड्या पडल्या, पण डूम्सडे कुणाचा आवडता आहे असं मी आजवर ऐकलं नाही. लोकांना सुपरमॅनचं मरण आठवतं, मारणारा नाही.

हुरडा_पार्टी (बीड)
शनिवार, रात्री १०.४८

डूम्सडे मंजे आमच्याकडली गारपीट. येतंय, फोडतंय, जातंय. कामून आलं कुणाला विचारणार?

वसमत_रोड (परभणी)
शनिवार, रात्री ११.०२

@जुना_गठ्ठा काका, बहादूरचा मुद्दा पटला, पण तो माझ्याच बाजूचा आहे. त्याची कहाणी सांगितली कारण तो तिच्यातून बाहेर पडला. जो पडला नाही, त्याच्या कहाणीवर पानं कशाला घालवायची?

@पानचक्की ध्रुवचा शत्रू ग्रँड मास्टर रोबो बघा. अर्धा माणूस, अर्धा यंत्र. एवढंच पुरत होतं. तो का बिघडला हे आम्ही विचारलं नाही, पण त्याची मुलगी नताशा ध्रुवच्या बाजूला झुकायला लागली तेव्हा मी आणि भाऊ रात्री अंगणात बाजेवर पडून तासभर भांडलो होतो, की ती बापाला सोडेल का नाही. तो तिढा मला आजही खरा वाटतो. बापाचं बालपण न सांगताही खरा वाटतो.

पानचक्की (औरंगाबाद)
शनिवार, रात्री ११.२०

ताई, एक उलटं उदाहरण देतो, मग झोपतो. मिस्टर फ्रीझ. १९५९ मध्ये आला तेव्हा नाव मिस्टर झिरो, हातात बर्फाची बंदूक. कुणी गंभीरपणे घेतला नाही. १९९२ साली बॅटमनच्या कार्टून मालिकेत त्याला आजारी बायको दिली. तिला बरं करता येईपर्यंत गोठवून जपायचं, यासाठी त्याचा सगळा खटाटोप. त्या एका भागानं तो कायमचा वर आला. मी तो केबलवर गुलमंडीतल्या मावशीच्या घरी पाहिला. मावशी भाजी निवडत होती, तिला इंग्रजी येत नव्हतं, तरी शेवटी म्हणाली, "ह्याचं बायकोवर लई जीव हाय ना रे?" कहाणी अशी असावी. आणि हो, शेवटी तो तुरुंगातच जातो. सवलत नाही मिळत.

मांजराकाठ (लातूर)
रविवार, सकाळी ७.३५

सकाळी सकाळी सगळं वाचून काढलं. मला मार्व्हलच्या थॅनोस या खलनायकाबद्दल बोलायचंय, कारण ताईंच्या पोराच्या टँकरवाल्याशी त्याचं नातं आहे.

मूळ कॉमिक्समध्ये, १९९१ च्या 'इन्फिनिटी गॉन्टलेट'मध्ये, थॅनोस चुटकीसरशी अर्धी सृष्टी संपवतो ते मृत्यूला खूश करायला. मृत्यू तिथे बाईच्या रूपात आहे आणि हा तिच्या प्रेमात आहे. वेडेपणा आहे, पण वेडेपणा म्हणूनच दाखवलाय. २०१८ च्या सिनेमात ते बदललं. साधनं कमी आहेत, तोंडं जास्त आहेत, अर्धी कमी केली की उरलेले पोटभर जेवतील, असं तो शांतपणे समजावतो. थिएटरमधून निघाल्यावर माझा कॉलेजातला मित्र म्हणाला, "बरोबरच बोलतोय ना तो." मी त्या दिवशी त्याच्याशी जाम भांडलो.

कारण त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१६ च्या एप्रिलात, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं. पहिली गाडी १२ एप्रिलला आली, दहा डबे, पाच लाख लिटर. त्याच्या आधी मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती, भांडणं होतील म्हणून. आमच्या गल्लीत टँकर आठ-दहा दिवसांनी यायचा. पाणी खरंच कमी होतं, माणसं खरंच जास्त होती, थॅनोसचं गणित शब्दशः आमच्या दारात उभं होतं. आम्ही काय केलं? घागरींना नंबर टाकले. बाळंतीण असलेल्या घराला दोन घागरी जास्त. एकट्या म्हाताऱ्यांचं पाणी गल्लीतली पोरं वर नेऊन द्यायची. भांडणं झाली, नाही असं नाही, पण अर्धी गल्ली कमी करावी असं कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

खलनायकाला कारण द्या, पण ते कारण खोटं कुठे पडतं ते दाखवणारं माणूस त्याच गोष्टीत पाहिजे. सिनेमात थॅनोसला घागरीला नंबर टाकणारं कुणी भेटलंच नाही. सगळे त्याच्याशी मारामारीच करत बसले.

हुरडा_पार्टी (बीड)
रविवार, सकाळी ७.५०

दादा, ह्याच्यावर कॉमिक्स काढा तुमी. मी पहिला गिऱ्हाईक.

शाईचा_डाग (जालना)
रविवार, सकाळी ९.१५

मी चित्रकला शिकवते. मुलांना खलनायक काढा म्हटलं की चाळीसपैकी तीस जण काळा रंग, गालावर व्रण, वाकडे दात काढतात. हे त्यांनी कॉमिक्समधूनच घेतलंय. बॅटमनचा शत्रू, १९४२ चा टू-फेस बघा, अर्धा चेहरा जळका, म्हणून अर्धा माणूस वाईट. मार्व्हलचा खलनायक डॉक्टर डूम मुखवट्याआड. आपल्याकडेही राक्षस म्हटलं की शाई जास्त लागते. भाजलेल्या चेहऱ्याची एक मुलगी माझ्या वर्गात होती. त्या वर्षापासून मी हा विषय देताना आधी सांगते, की खलनायकाचा चेहरा तुमच्या घरातल्या कुणासारखाही असू शकतो.

ताई, तुमच्या मुलाला माझ्याकडून एवढं सांगा. शेठला मिशा आणि सोन्याची साखळी काढली असेल तर राहू द्या, पण हसतमुख काढा. पोरांच्या हातावर गोळ्या ठेवणारा. पाणी चोरणारा माणूस दिवसा चांगला वागतो हे जास्त भीतीदायक आहे. आणि गल्लीतल्या खऱ्या कुणासारखा दिसणार नाही एवढं बघा, नाहीतर तुम्हाला घर बदलावं लागेल :)

वसमत_रोड (परभणी)
रविवार, सकाळी ९.४०

मिशा आहेत, साखळीपण आहे! तुम्ही वही बघितल्यासारखंच बोललात. हसतमुखाचं लगेच सांगते.

डबल_डेकर (औरंगाबाद)
रविवार, सकाळी ११.०५

थोडं विषयांतर. भाड्याच्या कॉमिक्सचं निघालंय म्हणून विचारतो, तुमच्याकडे दुकानदार पानं मोजून घ्यायचा का? आमच्या पैठण गेटच्या दुकानात परत देताना पिन आणि पानं तपासायचे. मधलं पोस्टर गायब असलं की डिपॉझिट गेलं. आणि हिंदी! मी मराठी शाळेतला, पण पाचवीत हिंदीचा पेपर आला तेव्हा मला सगळं आधीच येत होतं. 'प्रतिशोध', 'षड्यंत्र', 'विध्वंस' हे शब्द सरांच्या आधी ध्रुवनं शिकवले. शेजारच्या आपाकडून दखनी ऐकत होतोच, त्यामुळे कधी अडलं नाही.

जुना_गठ्ठा (नांदेड)
रविवार, सकाळी ११.३०

मोजायचे! आमच्याकडे एक जण शेवटचं पान आधीच फाडून स्वतःपाशी ठेवायचा. अंक परत करायला गेलं की तिथंच उभ्यानं वाचायला द्यायचा. कुणी शेवट आधी वाचून दुसऱ्याला फोडू नये म्हणून. त्या माणसाला गोष्टीची किंमत कळत होती.

डबल_डेकर (औरंगाबाद)
रविवार, सकाळी ११.३३

काका, याच्यावर एक वेगळा धागा काढाच.

पानचक्की (औरंगाबाद)
रविवार, दुपारी १२.१०

वाचकांच्या ताब्यात शेवट दिला तर काय होतं त्याचं उदाहरण. १९८८ मध्ये बॅटमनचा दुसरा रॉबिन, म्हणजे साथीदार पोरगा, जेसन टॉड, जोकरच्या पहारीचा मार खाऊन त्याच्याच स्फोटात सापडतो. तो जगावा का मरावा हे वाचकांनी फोन करून ठरवायचं होतं. एका फोनला ५० सेंट. मरावा म्हणणारे ५,३४३, जगावा म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ फोनांनी पोरगं गेलं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जोकरपेक्षा त्या ५,३४३ जणांचा राग आला होता. पहार जोकरच्या हातात होती, पण शेवटचा घाव वाचकांचा.

बाकी, पूर्वीचे खलनायक साधे होते त्याला एक सरकारी नसलेला पण सरकारीसारखाच नियमही कारणीभूत आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लावून घेतली. वाईटावर चांगल्याचा विजय झालाच पाहिजे आणि गुन्हेगाराबद्दल सहानुभूती वाटेल असं काही दाखवायचं नाही. एक्स-मेनचा शत्रू मॅग्नेटो, त्याला ऑशविट्झच्या छळछावणीतून वाचलेला मुलगा म्हणून दाखवलं ते १९८१ मध्ये. १९६३ मध्ये पहिल्यांदा आला तेव्हा तो नुसता जगावर राज्य करायला निघालेला माणूस होता. ताई, आपण ज्याला साधेपणा म्हणतो त्यातला काही भाग अशा बंदीतून आलेला आहे.

वेरूळ_पायरी (खुलताबाद)
रविवार, दुपारी ३.२५

कारण सांगायची पद्धत अमेरिकेची म्हणायचं कारण नाही, आपल्याकडे ती फार जुनी आहे. जय आणि विजय हे वैकुंठाचे द्वारपाल. सनकादिकांना दारात अडवलं म्हणून शाप मिळाला आणि तेच पुढे हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू झाले, मग रावण-कुंभकर्ण. खलनायकाची पूर्वकथा यापेक्षा मोठी काय असणार? तरी नरसिंहानं पोट फाडलंच.

मला लेण्यांत माणसं घेऊन फिरायची सवय आहे. कैलास लेण्यात, सोळा नंबरला, दक्षिणेच्या बाजूला रावण कैलास हलवतोय ते शिल्प आहे. आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं. खाली अंधारात रावण, सगळे हात ताणलेले. इतका ताकदवान रावण मी दुसरीकडे पाहिला नाही. शिल्पकारानं त्याला कमी लेखलेलं नाही. वर शंकर निवांत बसलेत, पार्वतीनं घाबरून त्यांचा दंड धरलाय. आणि एका बाजूला एक दासी पळतेय, पाठमोरी, जीव मुठीत धरून. लोक रावण बघतात, शंकर बघतात, पुढे जातात. मी दर वेळी त्या दासीपाशी बॅटरी धरतो.

कयाधू (हिंगोली)
रविवार, सायंकाळी ६.५०

वेरूळ_पायरी दादा, तुम्ही दासीचं नाव काढलं म्हणून लिहिते. कालपासून नुसतं वाचत होते.

आमच्या हिंगोलीच्या नदीचं नाव कयाधू. लहानपणी आजीला विचारलं होतं, हे नाव कुणाचं? ती म्हणाली, हिरण्यकशिपूच्या बायकोचं, प्रल्हादाच्या आईचं. नवरा तपाला गेला तेव्हा इंद्रानं तिला पळवून नेलं, नारदानं सोडवून आश्रमात ठेवलं. नवरा खलनायक, मुलगा भक्त, पळवून नेणारा देवांचा राजा. मुलाला विष दिलं, कड्यावरून टाकलं, तेव्हा ही बाई कुठं होती? शेवटी नवऱ्याचं पोट फाडलं, पोरगं वाचलं, त्या रात्री हिनं काय केलं? गोष्टीत नाही. आजीपण गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणून नदी झाली असंल."

तुम्ही सगळे दोन दिवसांपासून जोकरला कहाणी असावी का नसावी यावर बोलताय. 'द किलिंग जोक' मीही वाचलंय. त्यात जोकर दार वाजवतो आणि बार्बरा गॉर्डनला गोळी घालतो. ती पोलीस कमिशनरची मुलगी, ती स्वतः बॅटगर्ल. कमरेखालून निकामी होते. जोकरच्या जुन्या कहाणीला पानंच्या पानं आहेत. बार्बराला दवाखान्यातला एक प्रसंग आहे, तोही बापाची काळजी करण्यापुरता. तिला काय वाटलं, हे त्या पुस्तकात कुणी विचारलेलं नाही. पुढच्याच वर्षी, १९८९ मध्ये, किम येल आणि जॉन ऑस्ट्रँडर या नवराबायकोनं तिला ओरॅकल म्हणून परत आणलं. चाकाच्या खुर्चीत बसून कॉम्प्युटरवरून सगळ्या नायकांना वाट दाखवणारी. मी स्वतः अपघातानंतर दीड वर्ष खुर्चीत होते. त्या दीड वर्षात ओरॅकलचे अंक मला भावानं छापून आणून दिले. मला जोकरच्या बायकोचं काय झालं याच्याशी देणंघेणं नव्हतं. मला बार्बरा दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करते ते बघायचं होतं.

ताई, कारण असावं का नसावं, मला दोन्ही चालतं. पण त्या टँकरवाल्याच्या बालपणाला जितकी पानं, तितकी कोरड्या विहिरीवर उभ्या असलेल्या बाईला द्या. एवढंच सांगा पोराला.

मांजराकाठ (लातूर)
रविवार, सायंकाळी ७.१०

कयाधूताई, तुमचं लिहिणं दोनदा वाचलं.

हुरडा_पार्टी (बीड)
रविवार, सायंकाळी ७.१४

मी पण. आजीचं वाक्य डोक्यातून जाईना.

पानचक्की (औरंगाबाद)
रविवार, रात्री ८.३०

'किलिंग जोक' मी पाच-सहा वेळा वाचलंय आणि दर वेळी जोकरबद्दल बोललोय. आज कपाटातून काढून बार्बराच्या चौकटी मोजल्या. कयाधूताई बरोबर आहेत. १९७३ मधली ग्वेन स्टेसी, स्पायडरमॅन म्हणजे पीटरची मैत्रीण, ती पण आठवली. ग्रीन गॉब्लिन तिला पुलावरून ढकलतो, स्पायडरमॅन जाळं टाकून पकडतो, आणि त्या हिसक्यानंच तिची मान मोडते. आम्ही इतकी वर्षं पीटरला किती अपराधी वाटलं यावर बोलत आलो. ग्वेन स्वतः त्या पानांवर बेशुद्धच आहे.

तरीही एक मतभेद ठेवतो. मॅग्नेटोची कहाणी काढून टाकली तर गोष्ट लंगडी होईल. तिथे ज्याच्यावर अन्याय झाला तो आणि जो अन्याय करतो तो एकच माणूस आहे. असं माणूस पुष्कळदा असतं. त्याला एका रकान्यात बसवता येत नाही.

कयाधू (हिंगोली)
रविवार, रात्री ८.४५

@पानचक्की मॅग्नेटोबद्दल मान्य. तिथे छळलेल्या मुलाला पानं दिली आहेत. माझं भांडण पानं न मिळालेल्यांसाठी आहे.

जुना_गठ्ठा (नांदेड)
रविवार, रात्री ९.२०

आज ट्रंक उघडली. कयाधूताईंच्या नजरेनं चार-पाच अंक चाळले. डाकू गाव जाळतात, पुढच्या पानावर नायक घोड्यावर. गावाचं काय झालं ते नाही. घर जळाल्यावर ती माणसं राहिली कुठे, हे साठ वर्षांत माझ्या मनात आलं नव्हतं. एक अंक सापडला, त्यात कोपऱ्यातल्या एका चौकटीत म्हातारी राखेतून तवा शोधतेय. लेखकानं सांगितलं होतं की चित्रकारानं आपल्या मनानं काढलं, कळायला मार्ग नाही. इतकी वर्षं ती तिथेच होती.

वसमत_रोड (परभणी)
बुधवार, रात्री १०.०८

तीन दिवस इकडे आले नाही, घरात लग्न होतं. पण वही लग्नातसुद्धा सोबत होती.

रविवारी रात्रीच मी मुलाला हे सगळं वाचून दाखवलं. थॅनोसवर तो मांजराकाठ मामांशी भांडायला तयार होता, घागरींच्या नंबरांपाशी गप्प झाला. मग विचारलं, "ते नंबर कशानं टाकायचे?" कुणी सांगाल का? त्याला तसंच काढायचंय. कयाधू मावशींचं मी शेवटी वाचलं. त्यानं काही विचारलं नाही. वही उघडली आणि सगळी पानं पहिल्यापासून बघितली.

आता असं झालंय. शेठची कहाणी राहिली आहे, दोन चौकटी. १९७२ च्या दुष्काळात शेठ सहा वर्षांचा, बापासोबत खडी फोडायला जातो, पाण्यासाठी मुकादमाच्या हातापाया पडतो. हे त्यानं आपल्या आजोबांकडून ऐकलेलं आहे, आजोबांनी स्वतः खडी फोडलीय. म्हणजे तोच दुष्काळ पाणाड्याच्या घरी आणि शेठच्या घरी. मी म्हटलं, दोघांची कहाणी सारखीच झाली की. तर म्हणाला, "हो ना, नांदेडचे आजोबा बहादूरचं तेच म्हणले होते."

पण त्याच्यानंतर चार पानं नवी आली आहेत, मी न सांगता. पहाटे एक म्हातारी विहिरीवर येते. पहिलं पान नुसतं दोर सोडण्याचं. दुसऱ्या पानावर बादली तळाला आपटल्याचा आवाज, 'खण्ण'. तिसऱ्यावर ती बादली वर काढते, आत बघते, पुन्हा सोडते. चौथ्या पानावर ती घरी जाऊन नातवंडाच्या शाळेच्या डब्याखालचं काल रात्रीचं उरलेलं पाणी दोन भांड्यांत वाटते. शेठ त्या चारही पानांवर कुठेच नाही. मला ती पानं बघून काहीतरी झालं, नीट सांगता येणार नाही.

माझं मत पुरतं बदललेलं नाही. शेठच्या दोन चौकटी मला अजूनही नको आहेत, मी त्याला तसं सांगितलंसुद्धा. तो म्हणाला, वही माझी आहे.

शाईचा_डाग ताई, शेठ आता हसतोय आणि खरंच जास्त भीती वाटते.

आता एक अडचण. वही पेन्सिलीत आहे, पानं पुसट व्हायला लागली आहेत. शाई कोणती वापरू, जी वहीच्या पातळ कागदावर पलीकडे फुटणार नाही?

शाईचा_डाग (जालना)
बुधवार, रात्री १०.३०

वहीच्या कागदावर बाटलीतली शाई नको, फुटणारच. वॉटरप्रूफ पिगमेंट शाईचा बारीक टोकाचा पेन घ्या, ०.३ चा. आधी शेवटच्या पानावर रेघ ओढून मागून बघा. म्हातारीची चार पानं सगळ्यांत शेवटी गिरवा, हात बसल्यावर. पेन्सिल लगेच खोडू नका, एक रात्र जाऊ द्या. आणि गिरवायच्या आधी मोबाईलवर प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा, दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी.

मांजराकाठ (लातूर)
बुधवार, रात्री १०.४४

भाच्याला सांगा, नंबर ऑइलपेंटनं टाकायचे, घागरीच्या गळ्यापाशी. खडूनं टाकले की पाण्यानं पुसायचे आणि मग भांडणं. आमचा नंबर १७ होता. स्टीलच्या घागरीवर लाल रंग. घागर अजून आहे, उद्या उजेडात फोटो टाकतो.

कयाधू (हिंगोली)
बुधवार, रात्री ११.०१

ताई, त्या म्हातारीला त्यानं नाव दिलंय का?

वसमत_रोड (परभणी)
गुरुवार, सकाळी ६.५५

आत्ता उठवून विचारलं. दिलंय म्हणाला. पण सांगत नाही, म्हणतो पुढच्या भागात येणार आहे.